वही का थांबली: दुरुस्ती केंद्रातल्या प्रेरणेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका केंद्रातलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

केंद्रात १४ तंत्रज्ञ. रुग्णालयांकडून इन्फ्यूजन पंप (नळीतून ठरावीक वेगाने औषध देणारे), सिरिंज पंप, रुग्णाच्या उशाशी असणारे मॉनिटर आणि सक्शन यंत्रं येतात. आवक टेबलावर नोंद होते, तक्रारीची चिठ्ठी चिकटवली जाते आणि यंत्र बाकावर जातं. दुरुस्तीनंतर चाचणी खोली, तिथून रवानगी. पंपांच्या बाकावर बसणारे ज्येष्ठ तंत्रज्ञ १९ वर्षं हेच काम करत होते. वयाने निम्मे असलेले सहकारी त्यांना काका म्हणायचे, आणि केंद्रप्रमुखही.

चाचणी खोलीच्या दाराशी दोरीने बांधलेली एक जाड वही होती. नेहमीच्या यादीत न बसणारा बिघाड सापडला की तो तिथे लिहायचा, शक्य असेल तर आकृती काढायची, अशी पद्धत पडली होती. ती कुणी सुरू केली हे कुणालाच नेमकं आठवत नव्हतं, आणि ती लिहिणं कुणाच्याही कामाच्या यादीत नव्हतं. ‘वहीत टाक’ एवढंच म्हटलं की भागायचं. नवीन मुलगा रुजू झाला की पहिला आठवडा त्याच्या हातात ती वही असायची.

मी संस्थात्मक मानसशास्त्राचं काम करते. मला बोलावलं गेलं तेव्हा त्या वहीबद्दल कुणी बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही.

अडचण

केंद्रप्रमुख अभियंता होते, नव्यानेच आलेले आणि मनापासून काम करणारे. त्यांच्यासमोर पहिल्याच दिवशी यंत्रांचा ढीग होता. रुग्णालयांशी झालेल्या करारात दुरुस्तीची मुदत ठरलेली, आणि ती पाळली जात नव्हती. त्यांनी गुणपद्धत आणली. प्रत्येक प्रकारच्या यंत्राला ठरावीक गुण, भिंतीवर रोज भरला जाणारा गुणफलक, आणि महिन्याअखेरीस पहिल्या तिघांना रोख बक्षीस.

ढीग कमी झाला. पहिले दोन महिने आकडे असे सुधारले की वरिष्ठांनी कौतुकाचं पत्र पाठवलं. हे आवर्जून सांगते, कारण गुणपद्धत सपशेल फसली असं म्हणणं खोटं ठरेल. व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ मध्ये मांडलेला अपेक्षा सिद्धांत हेच सांगतो: मेहनत केली तर काम होईल असं वाटत असेल, काम झालं तर फळ मिळेल असा भरवसा असेल आणि ते फळ हवंसं असेल, तर माणूस जोर लावतो. इथे तिन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या.

चौथ्या महिन्यात वेगळंच दिसू लागलं. दुरुस्त होऊन गेलेली यंत्रं त्याच तक्रारीने परत येऊ लागली. सोपी यंत्रं आवक टेबलावरून हातोहात उचलली जात आणि किचकट यंत्रं ‘थांबलेली’ अशी पाटी असलेल्या मांडणीवर साचत गेली. नवीन मुलं अडली तर विचारायला जात नव्हती. दोन अनुभवी तंत्रज्ञांनी राजीनामे दिले. आणि वहीत, हे मला फार उशिरा कळलं, शेवटची नोंद गुणफलक लागला त्या महिन्यातली होती.

केंद्रप्रमुखांचं निदान तयार होतं. एका प्रशिक्षणात त्यांनी गरजांचा पिरॅमिड पाहिला होता, म्हणजे तळाला पोटापाण्याच्या आणि वर मानाच्या, प्रगतीच्या गरजा दाखवणारं पायऱ्यांचं चित्र. ते म्हणाले, “मॅडम, आमची माणसं अजून खालच्या पायरीवर आहेत. आधी पोट, मग बाकीचं. बक्षीस वाढवू या, सगळं मार्गी लागेल.”

माझं पहिलं निदान, आणि ते कुठे चुकलं

त्यांचं म्हणणं मला पटलं नव्हतं, पण मीही त्याच चौकटीत अडकले. १४ जणांना एक प्रश्नावली दिली. पगार, नोकरीची शाश्वती, सहकारी, मान, प्रगतीची संधी, या प्रत्येकाबद्दल किती समाधानी आहात ते एक ते पाच अंकांत सांगा. म्हणजे त्या पिरॅमिडमागचे मानसशास्त्रज्ञ मास्लो यांच्या पाच पायऱ्याच मी प्रश्नांच्या रूपात मांडल्या होत्या.

उत्तरं आली ती पगाराबद्दल, मोडक्या खुर्च्यांबद्दल, अपुऱ्या उजेडाबद्दल आणि सोल्डरिंग करताना नाकात जाणाऱ्या धुराबद्दल. केंद्रप्रमुखांना वाटलं, आपलंच खरं ठरलं. खुर्च्या बदलल्या, प्रत्येक बाकावर भिंग असलेला दिवा आला, धूर ओढणारे पंखे बसले. ही कामं व्हायलाच हवी होती आणि झाली ते उत्तम झालं. तक्रारी थांबल्या. परत येणारी यंत्रं थांबली नाहीत.

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गच्या परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांशी आणि लेखापालांशी बोलून १९५९ मध्ये जे मांडलं, ते इथे डोळ्यांसमोर घडत होतं. पगार, कामाची जागा, धोरणं, वरिष्ठांची देखरेख यांना त्यांनी आरोग्यघटक म्हटलं. स्वच्छ पाण्याने रोग टळतो, अंगात ताकद येत नाही, तसं. हे घटक बिघडले की नाराजी येते, सुधारले की नाराजी जाते, पण कामाची ओढ कामातूनच येते: काहीतरी साध्य झाल्याची जाणीव, त्याची दखल, जबाबदारी, वाढ. हर्झबर्ग यांच्या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. चांगलं घडलं की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो, वाईट घडलं की परिस्थितीकडे बोट दाखवतो, त्यामुळे ही विभागणी निम्मी तरी उत्तर देणाऱ्याच्या मनातली असू शकते. तरीही नाराजी नसणं आणि ओढ असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

मग लोकांनी पगार आणि खुर्च्याच का लिहिल्या? एक तर मी तेच विचारलं होतं. दुसरं कारण क्लेटन अल्डरफर यांच्या १९६९ च्या मांडणीत सापडतं. त्यांनी मास्लो यांच्या पाच गरजांच्या तीन केल्या: अस्तित्वाच्या, नात्यांच्या आणि वाढीच्या. आणि एक महत्त्वाची भर घातली. वरची वाट अडली की माणूस खालच्या गरजेवर जास्त जोर देतो. ज्या माणसाला कामात वाढायला जागा उरलेली नाही, तो खुर्चीबद्दल तावातावाने बोलतो. खुर्ची मोडकीच असते, खोटं काही नसतं. पण जो जोर दिसतो तो दुसरीकडून आलेला असतो.

पिरॅमिडबद्दलही इथेच सांगते, कारण या प्रकरणात त्या चित्राने बराच गोंधळ घातला. अब्राहम मास्लो यांनी १९४३ च्या लेखात गरजांची उतरंड मांडली, पण पिरॅमिडची आकृती त्यात नाही. ती नंतर इतरांनी काढली. खालची गरज पूर्ण भागल्याशिवाय वरची जागीच होत नाही, असंही ते म्हणत नाहीत. उलट, सर्वसाधारण माणसाच्या सगळ्या गरजा एकाच वेळी थोड्या भागलेल्या आणि थोड्या न भागलेल्या असतात, हे सांगण्यासाठी त्यांनी नमुन्यादाखल आकडेही दिले: शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षितता ७०, प्रेम ५०, आत्मसन्मान ४० आणि आत्मसिद्धी, म्हणजे आपल्यातल्या क्षमता पुऱ्या फुलणं, १० टक्के. हे मोजमाप नव्हतं, कल्पना यावी म्हणून दिलेले आकडे होते. पुढे १९७६ मध्ये वाहबा आणि ब्रिडवेल यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा पायऱ्यांच्या ठरावीक क्रमाला फारसा आधार मिळाला नाही. ‘ही माणसं खालच्या पायरीवर आहेत’ या वाक्याला म्हणूनच बूड नव्हतं. मला ते ठाऊक होतं, आणि तरी मी पायऱ्यांची प्रश्नावली वाटली.

बाकावरचा एक दिवस

प्रश्नावलीतून काही हाती लागेना, तेव्हा मी एक दिवस काकांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. दुपारी त्यांच्यासमोर एक इन्फ्यूजन पंप आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: नळीत अडथळा नसताना अडथळ्याचा अलार्म वाजतो. तीन आठवड्यांपूर्वी हाच पंप याच तक्रारीसाठी इथे येऊन गेला होता. दुरुस्तीच्या रकान्यात शेरा होता, ‘सेन्सर बदलला’.

काकांनी पंपाचं दार उघडलं, दिवा जवळ ओढला आणि भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग मला बोलावलं. नळीवर टेकून दाब ओळखणाऱ्या बारीक दांड्याभोवती पांढरट पापुद्रा होता. औषधाचं द्रावण कधीतरी सांडलं असेल, वाळून बसलं असेल. त्यामुळे दांडा पूर्ण मागे सरकत नव्हता आणि सेन्सरला दाब आहे असंच वाटत होतं. बदललेला सेन्सरही चांगला होता, आधीचाही चांगलाच असणार. त्यांनी पापुद्रा मऊ केला, कापसाच्या काडीने थोडा थोडा सोडवला, दांडा बोटाने चार-पाच वेळा दाबून सोडून पाहिला. मग पंप चाचणीला लावला.

“हा कुणी केला होता ते मला माहीत आहे,” ते म्हणाले. “पोरगा हुशार आहे. हे एकदा दाखवलं असतं तर जन्मात विसरला नसता. पण दाखवायला अर्धा तास जातो, मॅडम. अर्ध्या तासात माझा एक पंप होतो.”

“पूर्वी दाखवायचात?”

“पूर्वी पंप मोजत कोण होतं?”

मग त्यांनीच मला ती वही दाखवली. सांडलेल्या द्रावणाचा हाच बिघाड चार वर्षांपूर्वीच्या नोंदीत आकृतीसकट होता, त्यांच्याच अक्षरात. ज्या मुलाने सेन्सर बदलला, तो गुणफलक लागल्यानंतर रुजू झाला होता. पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात वही देण्याऐवजी त्याला थेट बाकावर बसवलं होतं.

प्रकरण तिथे उलगडलं. ज्या गरजेला धक्का लागला होता ती कुणाच्याच यादीत नव्हती, कारण ती आधीपासून भागत होती. काम नीट जमतं हे स्वतःला ठाऊक असणं, आणि ते दुसऱ्याला देता येणं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धांतात तीन मूलभूत गरजा आहेत: स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा. त्यांच्यात पायऱ्या नाहीत, तिन्ही एकाच वेळी लागतात. गुणफलकाने यंत्र निवडण्याची मोकळीक वरवर ठेवली, पण ओढा सोप्या यंत्राकडे वळवला. नीट झालेलं काम आणि नुसतं झालेलं काम यांना सारखेच गुण दिले. आणि शेजारच्या बाकावरचा माणूस प्रतिस्पर्धी केला.

पुढच्या आठवड्यात मी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलले. या वेळी प्रश्न एकच: इथून घरी जाताना मन भरून आलं होतं असा शेवटचा दिवस कोणता? जवळपास प्रत्येकाने एका ठरावीक यंत्राची गोष्ट सांगितली. कितीतरी दिवस न सापडलेला बिघाड, तो सापडला तो क्षण, आणि त्या वेळी शेजारी कोण उभं होतं ते. बक्षिसाचा दिवस एकानेच सांगितला. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

समोरचे पर्याय

केंद्रप्रमुख, काका, मॉनिटरच्या बाकावरच्या एक तंत्रज्ञ ताई आणि मी असे चौघे बसलो. काकांना आणि ताईंना बोलवायला केंद्रप्रमुख आधी का-कू करत होते. ते तयार झाले, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच होता.

बक्षीस वाढवणं हा पहिला पर्याय लगेच मागे पडला. जे मोजलं जातं ते वाढलंच होतं. आणखी पैसे ओतले तर तेच आणखी वाढलं असतं. स्टीव्हन कर यांनी १९७५ मध्ये एका लेखात संस्थांची ही सवय नेमकी पकडली होती: बक्षीस एका गोष्टीला द्यायचं आणि आशा दुसरीची धरायची.

दुसरा पर्याय होता परत आलेल्या यंत्राचे गुण कापण्याचा. केंद्रप्रमुखांना तो पटत होता आणि कागदावर तो न्याय्य दिसतो. ताईंनी एका वाक्यात तो मोडला: “सर, मग परत आलेलं यंत्र कुणाचं यावरच आम्ही भांडत बसू.” मला एमी एडमंडसन यांचं १९९६ मधलं काम आठवलं. रुग्णालयातल्या परिचारिकांच्या चमूंमध्ये औषधांच्या चुका तपासताना त्यांना दिसलं की चांगलं नेतृत्व असलेल्या चमूंमध्ये चुकांच्या नोंदी जास्त होत्या. तिथे चूक बोलून दाखवायची भीती कमी होती. आमच्या इथे वही आधीच मुकी झाली होती. गुण कापले असते तर उरलंसुरलं बोलणंही संपलं असतं.

तिसरा, सगळ्यांना मिळून बक्षीस. यावर बरीच चर्चा झाली. काकांचं म्हणणं होतं की यामुळे नवीन मुलांवर दबाव येईल, ‘तुझ्यामुळे सगळ्यांचं गेलं’ असं होईल. मला हा पर्याय इतका वाईट वाटत नव्हता, आजही वाटत नाही. पण एकदा बिघडलेल्या वातावरणात तो आणणं धोक्याचं होतं.

चौथा, गुणपद्धत बंद करून कामाची रचनाच बदलायची. यामागे दोन आधार होते. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी १९७६ मध्ये कामाचे पाच गुणधर्म सांगितले, ज्यांनी कामाची आतली ओढ वाढते: कौशल्यांची विविधता, काम अथपासून इतिपर्यंत आपल्या हातून होणं, त्याचं महत्त्व, स्वायत्तता, आणि काम कसं झालं हे कामातूनच कळणं. इथे दुरुस्ती एकाची, चाचणी दुसऱ्याची आणि परत आलेलं यंत्र तिसऱ्याच्याच समोर, त्यामुळे आपल्या हातचं काम टिकलं की नाही हे कुणाला कळतच नव्हतं. हा दोष गुणफलकाच्याही आधीचा होता.

दुसरा आधार बक्षिसांवरच्या संशोधनाचा. डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना कोड्यामागे पैसे मिळाले, ते पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांकडे कमी वळले. १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात आधी कबूल केलेल्या ठोस बक्षिसांनी रस असलेल्या कामातली आतली ओढ कमी झाल्याचं दिसलं, आणि शब्दांतून मिळणाऱ्या सकारात्मक प्रतिसादाने ती वाढल्याचं. याचा अर्थ बक्षीस नेहमी घातक असा नाही. मुळातच कंटाळवाण्या कामात ओढ कमी होण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. २०१४ मध्ये सेरासोली आणि सहकाऱ्यांनी ४० वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तो मला इथे सगळ्यात उपयोगी पडला: कामाच्या प्रमाणाशी बाहेरच्या प्रलोभनांचं नातं अधिक, दर्जाशी आतल्या ओढीचं. केंद्रात नेमकं हेच घडलं होतं. प्रमाण वाढलं, दर्जा घसरला.

काय केलं

गुणपद्धत बंद झाली. बक्षिसांची रक्कम सगळ्यांच्या मासिक वेतनात समान वाटून टाकली. ती काढून घेतली असती तर ही शिक्षाच वाटली असती.

यापुढे एक यंत्र एका तंत्रज्ञाच्या हातात आवकेपासून अंतिम चाचणीपर्यंत राहील असं ठरलं. चाचणीच्या चिठ्ठीवर त्याची सही. सुरक्षिततेसाठी दुसऱ्याची पडताळणी राहिली, ती काढणं योग्य नव्हतं. यंत्र परत आलं तर त्याच माणसाकडे जाईल, शिक्षेविना. ‘थांबलेली’ मांडणीवरचं एक यंत्र रोज सकाळी मधल्या टेबलावर ठेवायचं आणि पंधरा मिनिटं सगळ्यांनी त्यावर डोकं चालवायचं. शिकवण्याचा वेळ कामाच्या तक्त्यात कामच म्हणून धरायचा. वही पुन्हा नव्या माणसाच्या हाती द्यायची.

एक गोष्ट ताईंनी सुचवली. यंत्रं जिथे वापरली जातात तिथे आपण कधी गेलोच नाही, असं त्या म्हणाल्या. चार-चार जणांचे गट करून एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात भेट ठरली. तिथल्या परिचारिकेने एवढंच सांगितलं की रात्री पंप खोटा अलार्म देतो तेव्हा ती दुसऱ्या रुग्णाला सोडून धावत येते, आणि असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी पाय उचलत नाहीत, तो अलार्म खरा असला तरी. सेन्सर बदलणारा तो मुलगा परतताना वाटेत कुणाशी बोलला नाही. अ‍ॅडम ग्रँट यांनी २००७ मध्ये एका विद्यापीठासाठी फोनवरून निधी जमवणाऱ्यांचा अभ्यास केला होता. त्या निधीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याला थोडा वेळ भेटल्यावर, महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ आणि जमलेली रक्कम दोन्ही दुपटीहून अधिक झाली होती. आपल्या कामाचं टोक कुठे लागतं हे डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

एका बाबतीत मी ढिली पडले. बक्षीस जाऊ दे, पण फलक राहू दे, नुसती माहिती म्हणून, असं केंद्रप्रमुख म्हणाले. त्यांनी इतकं मान्य केलं होतं की मला एवढ्यावर ताणायचं नव्हतं. तीन आठवडे फलक राहिला, आणि तीन आठवडे मांडणीवरची किचकट यंत्रं तिथेच राहिली. पैसे नसले तरी नावापुढचा आकडा लोक बघत होते. शेवटी केंद्रप्रमुखांनीच तो उतरवला आणि त्या जागी प्रतीक्षेत असलेल्या यंत्रांची यादी लावली, म्हणजे प्रत्येकाला आपला क्रम ठरवता येईल.

काय घडलं

पहिल्या महिन्यात बाहेर पडणाऱ्या यंत्रांची संख्या घसरली. रुग्णालयांचे फोन आले, वरिष्ठांचाही आला. केंद्रप्रमुखांनी दोन महिने मागून घेतले आणि बाकांवर त्या दबावाची झळ पोहोचू दिली नाही. त्या दोन महिन्यांत त्यांची झोप उडाली होती हे त्यांनी मला नंतर सांगितलं. बाकीच्यांच्या गरजांवर आम्ही इतकं बोललो, त्यांच्या गरजांवर कुणीच बोललं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यापासून परत येणारी यंत्रं कमी होत गेली. एकच यंत्र दोनदा दुरुस्त करावं लागत नसल्याने एकूण काम हळूहळू पूर्वपदावर आलं. गुणफलकाच्या सर्वोत्तम महिन्याइतकी संख्या मात्र परत गाठली गेली नाही. मांडणी सहाव्या महिन्यात रिकामी झाली.

राजीनामा दिलेल्या दोघांपैकी एकाने तो मागे घेतला. दुसरे गेले. त्यांना दुसरीकडे जास्त पगार आणि घराजवळचं काम मिळत होतं, आणि घरी आजारी माणूस होतं. कामाची ओढ कितीही जपली तरी काही गरजा पैशाने आणि वेळेनेच भागतात. त्यांना थांबवण्यासाठी आमच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं.

आता तो एक तंत्रज्ञ, ज्याने बक्षिसाचा दिवस सांगितला होता. गुणफलकावर तो जवळजवळ नेहमी पहिला असायचा, आणि त्याची यंत्रं परतही फारशी यायची नाहीत. फलक उतरल्यावर तो मलूल झाला. सकाळच्या पंधरा मिनिटांत मागे उभा राहायचा. आम्ही जे सगळ्यांसाठी चांगलं म्हणून केलं, त्याने त्याचं काहीतरी हिरावून घेतलं होतं. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी काही साध्य करण्याची, आपुलकीची आणि सत्तेची अशा तीन गरजा सांगितल्या, आणि प्रत्येक माणसात त्यांचं प्रमाण वेगळं असतं. साध्य करण्याची गरज तीव्र असलेल्याला आव्हान लागतं आणि आपण कुठवर आलो हे सांगणारं मोजमाप लागतं. मी त्याला विचारलं, “तुला पैसे हवे होते का?” तो म्हणाला, “नाही मॅडम, आकडा हवा होता.” पुढे मॉनिटरच्या चाचणीची पद्धत नव्याने बसवण्याचं काम त्याने घेतलं. किती वेळात आणि किती अचूक, हे लक्ष्य त्याने स्वतःचं स्वतः ठरवलं. तो आकडा त्याच्या बाकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो.

आठव्या महिन्यात मी शेवटची गेले, तेव्हा वहीत चार वेगवेगळ्या अक्षरांतल्या ताज्या नोंदी होत्या.

हा परिणाम आमच्या बदलांचाच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. १९२४ ते १९३२ या काळातल्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगांपासून ही शंका प्रत्येक अशा प्रकरणाला चिकटलेली आहे: आपल्याकडे कुणी लक्ष देतंय, एवढ्यानेच लोकांचं काम सुधारलं असेल तर? माझ्या भेटी पाचव्या महिन्यानंतर जवळजवळ थांबल्या होत्या आणि सुधारणा टिकली, एवढंच मी तिच्या विरोधात मांडू शकते.

पुन्हा करायचं झालं तर

प्रश्नावली वाटण्याआधी मी बाकावर बसेन. अंक मागणारा प्रश्न माणसाला तक्रारीकडे नेतो, आणि एका दिवसाची गोष्ट मागणारा प्रश्न कामाकडे. दोन्ही लागतात, पण माझा क्रम उलटा झाला.

कोणतीही प्रोत्साहन योजना आणण्यापूर्वी इथले लोक कुणी न सांगता काय करतात, याची यादी करायला हवी होती. वही, शेजारच्याला दाखवणं, विचित्र आवाज करणारं यंत्र आपणहून बाजूला ठेवणं. जे कुणाच्याही कामाच्या वर्णनात नसतं तेच मोजणीच्या पहिल्या झटक्यात जातं, आणि गेलं हे कळायला महिने लागतात.

फलक पहिल्याच दिवशी उतरवण्याचा आग्रह धरायला हवा होता.

बक्षिसाची रक्कम समान वाटणं तेव्हा सोपं वाटलं, पण त्यात एक चूक राहिली. जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांचा समन्याय सिद्धांत सांगतो की माणूस आपण दिलं किती आणि मिळालं किती हे इतरांच्या तुलनेत बघतो. ती रक्कम तंत्रज्ञांमध्येच वाटली गेली. आवक टेबल आणि रवानगी सांभाळणारे तिघे तिच्यातून सुटले. गुणपद्धतीच्या काळात त्यांचं काम दुपटीने वाढलं होतं, परत आलेल्या यंत्रांवरून रुग्णालयांची बोलणी त्यांनी खाल्ली होती, आणि त्यांना ना बक्षीस मिळालं ना वेतनवाढ. माझ्या १४ मुलाखतींत त्यांच्यापैकी कुणी नव्हतं. सकाळच्या पंधरा मिनिटांतही ते नसतात, कारण तेव्हाच गाडी येते. केंद्रप्रमुखांनी आता त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली आहे. पहिल्याच बैठकीत आवक टेबलावरच्या बाई म्हणाल्या की यंत्र कशासाठी आलंय हे चिठ्ठीवरच्या एका ओळीपेक्षा त्यांना खूप जास्त माहीत असतं, कारण फोन त्याच घेतात, पण ते कुणी विचारत नाही. चिठ्ठीचा नवीन नमुना त्या स्वतः करत आहेत.